आधी माप मांजराचं, मग रंग सोफ्याचा

१९५६ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन अँसेल्मो गावच्या जिम बर्जर या बारा वर्षांच्या मुलाने फ्रँक लॉइड राइट यांना एक पत्र लिहिलं. राइट तेव्हा अमेरिकेतले सर्वांत नामवंत वास्तुरचनाकार होते. जिमच्या वडिलांनी त्यांच्याकडून घराचा आराखडा करून घेतला होता आणि ते घर ते स्वतःच्या हातांनी उभं करत होते. मुलाचं म्हणणं असं, की आमच्या एडीलाही एक घर हवं आहे. बांधायला सोपं असावं आणि आमच्या घराला शोभेलसं असावं. पेपर टाकून मिळणाऱ्या पैशांतून तो मोबदला द्यायला तयार होता. एडी म्हणजे त्याचा लॅब्राडोर. उंची अडीच फूट, लांबी तीन फूट, हे मापही पत्रात होतं. राइट यांनी कामाच्या गर्दीमुळे पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पुन्हा लिहायला सांगितलं. जिमने आठवणीने लिहिलं, आणि राइट यांनी एक पैसाही न घेता नकाशे पाठवले. त्रिकोणी बांधणी, उतरतं छप्पर, लांब पुढे आलेल्या पागोळ्या: मोठ्या घराचीच सगळी लक्षणं त्या छोट्या घरात होती.

१९६३ साली जिम सैन्यात असताना त्याच्या वडिलांनी आणि भावाने ते बांधलं. एडी त्यात राहिला नाही. त्याला माणसांजवळ, घरातल्या उबेत झोपायचं होतं. १९७० साली जिमच्या आईने ते श्वानगृह टाकून दिलं. पुढे २०१० साली एका माहितीपटाच्या निमित्ताने बर्जर भावंडांनी जुन्या नकाशांवरून ते पुन्हा बांधलं आणि नंतर मरिन काउंटीला भेट दिलं. आज लोक ते कौतुकाने पाहतात.

पाळीव प्राण्यासाठी देखणं फर्निचर करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही हकिगत नीट वाचावी. जिमने माप दिलं होतं, शैली सांगितली होती, रचनाकार थोर होता. एडीला रात्र कुठे आणि कोणाजवळ काढायची आहे, हा प्रश्न तेवढा राहून गेला. माझं मत स्पष्ट आहे: जी वस्तू प्राणी वापरत नाही ती कितीही सुबक असली तरी रचना म्हणून फसलेली असते. आणि जी तो आपणहून रोज वापरतो, ती दिवाणखान्यात शोभून दिसावी यासाठी करावी लागणारी कसरत वाटते तितकी अवघड नाही. दोन्ही गोष्टी एकाच वस्तूत बसतात. फक्त क्रम पाळावा लागतो.

श्रीमंतांच्या घरी हा विचार जुनाच आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात अठराव्या शतकातलं एक फ्रेंच श्वानगृह आहे. क्लोद सने या पॅरिसच्या कारागिराने साधारण १७७५ ते १७८० या काळात ते घडवलं. बीच आणि पाइनचं लाकूड, त्यावर सोन्याचा मुलामा, जोडीला मखमल आणि रेशीम. मारी आंत्वानेतच्या नावाशी ते जोडलं जातं. मला त्यातलं सोनं महत्त्वाचं वाटत नाही. खुर्च्या घडवणारा कारागीरच ते घडवतो, हे महत्त्वाचं वाटतं. म्हणून त्याचे पाय, त्याची नक्षी, त्याच्या कडांचे वळसे त्या दालनातल्या बाकी आसनांच्या घराण्यातले दिसतात. आजच्या घरालाही हीच युक्ती लागू पडते. दुकानातून आणलेली भडक रंगाची, हाडांची चित्रं छापलेली गादी खोलीत उपरी दिसते, कारण खोलीतल्या दुसऱ्या कोणत्याही वस्तूशी तिचं नातं नसतं. ज्या सुताराने तुमचा दिवाण केला, त्याच्याकडूनच त्याच लाकडात, तसेच पाय लावून कुत्र्याची बाज करून घेतली, तर निम्मं काम झालं.

पण सुताराला बोलावण्याआधी प्राण्याचं निरीक्षण करावं लागतं. कुत्रा झोपतो कसा? काही कुत्री अंगाचं वेटोळं करून झोपतात, काही चारही पाय ताणून कुशीवर पसरतात. जो पसरतो त्याचं माप झोपेत घ्यायचं, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, आणि त्यात अर्धा फूट मिळवायचा. वेटोळं करणाऱ्याला पाठ टेकायला तीन बाजूंनी उंच कड आवडते. पसरणाऱ्याला तीच कड अडचण होते. उभ्या कुत्र्याचं माप घेऊन केलेल्या गाद्या हमखास लहान पडतात.

मग वजन आणि हाडं. दख्खनमध्ये कारवानी आणि मुधोळ या जातींचे शिकारी कुत्रे पूर्वीपासून आहेत. आता शहरातल्या घरांतही ते दिसतात. त्यांच्या अंगावर चरबी कमी, कातडी पातळ, हाडं वर आलेली. कठीण फरशीवर सतत झोपून अशा कुत्र्यांच्या आणि भारी अंगाच्या ग्रेट डेन, लॅब्राडोर जातींच्या कोपरांवर घट्टे पडतात. कधी तिथे पाणी साठून मऊ गाठ येते. त्यांना जाड, दाबल्यावर तळाला न टेकणारी गादी लागते. हाताचा कोपर गादीवर रोवून पूर्ण भार द्यावा. खालची फळी हाताला लागली, तर कुत्र्याच्या कोपरालाही लागणार. डाशहुंडचं दुखणं वेगळं. लांब पाठीच्या आणि आखूड पायांच्या या जातीत मणक्यांमधल्या चकत्या लवकर झिजतात, आणि सोफ्यावरून रोज मारलेल्या उड्या त्यात भर घालतात.

इथे जपानचे रचनाकार केन्या हारा यांचा प्रकल्प आठवतो. मुजी या जपानी कंपनीचे ते कलादिग्दर्शक. २०१२ साली त्यांनी शिगेरू बान, तोयो इतो, काझुयो सेजिमा, केंगो कुमा अशा मोठमोठ्या वास्तुरचनाकारांना एकेका जातीच्या कुत्र्यासाठी रचना करायला सांगितलं. त्या वर्षी डिसेंबरात मायामीच्या डिझाइन प्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या, आणि त्यांचे नकाशे कोणालाही फुकट उतरवून घेता येतील असे खुले केले गेले. डाशहुंडसाठी अॅतलिए बाव-वाव या जोडीने उतरण केली. शिगेरू बान यांनी पापियोंसाठी कागदी नळ्या वापरल्या. कागदी नळ्यांची निवाऱ्याची बांधकामं करणारा हा माणूस, त्याने तोच जिन्नस कुत्र्याच्या मापाला आणला. हिरोशी नाइतो यांनी स्पिट्झसाठी अॅल्युमिनियमच्या नळ्या आणि लाकडी कांड्या एकाआड एक ओवून पसरट बैठक केली. नळ्यांमध्ये बर्फ घातला की दाट केसांच्या कुत्र्याला उन्हाळ्यात थंडावा. पुण्यामुंबईत स्पिट्झ पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो, आणि मे महिन्यात तो बाथरूमच्या ओल्या लादीवर जाऊन पडतो, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या रचनेमागची कळकळ लगेच कळेल.

त्या संचातली मला सर्वांत जवळची वाटते ती तोराफू आर्किटेक्ट्सची रचना, जॅक रसेल टेरियरसाठी केलेली. लाकडाची साधी चौकट, आणि तिच्यावर मालकाचा जुना सदरा झोळीसारखा ताणून बसवलेला. बस्स. कुत्र्याला मालकाच्या अंगाचा वास मिळतो, कापड धुता येतं, फाटलं तर दुसरा सदरा आहेच. आपल्याकडे जुन्या सुती लुगड्यांची गोधडी नेमकं हेच करते. घरातल्या बाईच्या दोन-तीन जुन्या साड्या, आत सुती थर, वरून हातटाके: अशा गोधडीत कुत्रा जितक्या लवकर रुळतो तितका नव्याकोऱ्या कृत्रिम गादीत रुळत नाही. नव्या गादीला कारखान्याचा वास असतो, गोधडीला घराचा. आणि दिसायला म्हणाल, तर हातटाक्यांची गोधडी सागवानी चौकटीत ताणून बसवली की ती खोलीतल्या कोणत्याही वस्तूला तोडीस तोड दिसते. घोंगडीही उत्तम, पण हिवाळ्यासाठी. कोकणात आणि मुंबईत ती वर्षभर नको.

हवामानाचा हा मुद्दा बाजारातल्या गाद्या पार विसरतात, कारण त्यांतल्या बऱ्याचशा थंड देशांच्या नमुन्यावर बेतलेल्या असतात. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही; तळव्यांतून थोडासा येतो, बाकी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. चारही बाजूंनी फुगीर, कृत्रिम लोकरीची गादी नागपूरच्या उन्हाळ्यात त्याला नकोशी होते आणि तो शहाबादी फरशी शोधतो. त्याने गादी नाकारली की आपण त्यालाच हट्टी म्हणतो. खरं उत्तर आपल्या जुन्या बाजेत आहे: जमिनीपासून सहा-आठ इंच उंच, नवारीने विणलेली, खालून वारा खेळणारी. वर पातळ सुती गादी, हिवाळ्यात तिच्यावर घोंगडी. मांजराचं गणित उलट. ज्या तापमानात मांजराच्या शरीराला ऊब किंवा थंडाव्यासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत ते साधारण ३० ते ३८ अंश सेल्सियस. म्हणून ते उन्हाच्या तुकड्यामागे खोलीभर सरकत राहतं, राउटरवर बसतं, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांवर बसतं. मांजराची बैठक पूर्वेच्या खिडकीपाशी हवी आणि एसीच्या झोताखाली कधीच नको.

मांजराकडे वळलोच आहोत तर नखांबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण सजवलेल्या घरात मांजरावरून होणारी बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात. मांजर सोफा ओरबाडतं ते सूड म्हणून किंवा वाईट सवय म्हणून करत नाही. नखाचं जुनं बाहेरचं आवरण त्यामुळे निघून जातं, पाठीचे आणि खांद्यांचे स्नायू ताणले जातात, आणि पंजांतल्या ग्रंथींचा वास त्या जागी उमटतो. ‘ही जागा माझी’ हे ते अशा रीतीने लिहून ठेवतं. म्हणून जिथे घरातली माणसं सर्वाधिक बसतात तोच सोफा त्याला हवा असतो. त्याला ओरबाडण्यापासून रोखणं शक्य नाही. त्याला सोफ्यापेक्षा चांगली जागा देणं शक्य आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या मांजरपालकांच्या पाहणीत असं दिसलं की तीन फूट किंवा त्याहून उंच, दोर गुंडाळलेला खांब मांजरं अधिक वापरतात. उंची हवी, कारण मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण अंग ताणता आलं पाहिजे. आणि खांब हलता कामा नये. एकदा डळमळला की मांजर त्याच्याकडे पुन्हा फिरकत नाही. बाजारातले दीड-दोन फुटांचे, हलक्या पाट्यावर उभे केलेले खांब कोपऱ्यात धूळ खातात ते याच दोन दोषांमुळे.

चार इंच जाडीचा, साडेतीन फूट उंच लाकडी खांब घ्या. त्याला काथ्याचा किंवा अंबाडीचा दोर घट्ट, एका वेढ्याला दुसरा भिडवून गुंडाळा. खाली दीड फूट चौरस, जड पाया द्या. कडाप्प्याचा तुकडा बसवला तर आणखी उत्तम, कारण तो दिसतोही सुंदर. दोराचे वेढे दर सहा-आठ इंचांवर खिळ्यांऐवजी पाण्यात विरघळणाऱ्या सुतारी डिंकाने पक्के करा. खिळा सुटून वर आला की पंजाला इजा होते. दोराचा रंग नैसर्गिक ठेवला तर तो वेताच्या खुर्चीशी, तागाच्या पडद्याशी आपोआप जुळतो. ठेवायचा कुठे? मांजर झोपेतून उठल्या उठल्या अंग ताणतं, म्हणून त्याच्या झोपण्याच्या जागेपासून हातभर अंतरावर. आणि त्याने सोफा आधीच निवडला असेल तर त्या सोफ्याच्याच कोपऱ्याला लागून. दिसायला बरा म्हणून तो बाल्कनीत नेऊन ठेवला तर सोफा गेलाच समजा.

सोफ्याच्या कापडाची निवडही इथेच करून टाकावी. ज्या विणीत धाग्याचे फास वर आलेले असतात, जाडंभरडं ताग, टॉवेलसारखं कापड, सैल विणीचं ट्वीड, त्यात नख अडकतं आणि अडकलेलं नख ओढण्यातच मांजराला समाधान मिळतं. आखूड, दाट लवेची मखमल नखाला पकड देत नाही, शिवाय केस ओल्या हाताने झटकन निघतात. नाजूक वाटणारी मखमल प्राण्यांच्या घरात खरं तर जीन आणि कॅनव्हासच्या बरोबरीने टिकते.

मांजराला आणखी एक गोष्ट हवी असते ती उंची, आणि आजच्या सदनिकांनी ती नकळत काढून घेतली. वाड्यात मांजराला काय नव्हतं? कोनाडे होते, फडताळ होतं, माळा होता, तुळया होत्या, धान्याच्या कोठीवरची अंधारी जागा होती. माणसांच्या पायांतून दूर जाऊन, वरून सगळं न्याहाळत ते बसू शकत होतं. गुळगुळीत सनमायका, भिंतीत लपवलेली कपाटं आणि सपाट छत असलेल्या दोन खोल्यांत उरतो तो फ्रिजचा माथा आणि पडदे. मग पडद्यांवर चढलेल्या मांजराला दोष दिला जातो.

भिंतीवरच्या फळ्या हा यावरचा सर्वांत देखणा उपाय, कारण त्या जमीन अडवत नाहीत आणि नीट मांडल्या तर भिंतीवरच्या चित्रांइतक्याच शोभतात. फळी दहा-बारा इंच खोल असावी, म्हणजे मांजराला तिच्यावर वळता येतं. एका फळीपासून दुसरी उभ्या अंतरात एक ते सव्वा फूट वर, थोडी बाजूला. वर गुळगुळीत पॉलिशऐवजी काथ्याची किंवा फेल्टची पट्टी, नाहीतर उतरताना पाय घसरतो. वरच्या टोकाला पोहोचल्यावर दुसऱ्या बाजूने उतरायचा मार्ग हवा. दोन मांजरं असतील तर हे अत्यावश्यक, कारण एकाने वाट अडवली की दुसरं वरच अडकतं. फळीच्या कंसांचे स्क्रू पक्क्या विटांत रावळप्लग ठोकून बसवावेत. जिप्समच्या पातळ भिंतीवर किंवा हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीवर साधे स्क्रू टिकत नाहीत. चार किलोचं मांजर उडी मारून उतरतं तेव्हा फळीवर येणारा भार चार किलोच्या कितीतरी पट असतो.

लपायची जागाही तितकीच गरजेची. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली निवारागृहात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना दिलं नाही. खोकं मिळालेली मांजरं नव्या जागेत लवकर सावरली. घरात पाहुणे आले, फटाके वाजले, की मांजराला हेच खोकं हवं असतं. पुस्तकांच्या कपाटातला एक चौकोनी खण त्यासाठी राखून ठेवला तर वेगळं फर्निचर लागतच नाही: आत जाड गादी, पुढे अर्धी झाकणारी फळी आणि आठ इंचांचं गोल भोक. आयकियाने २०१७ साली प्राण्यांसाठी काढलेल्या लुरविग मालिकेत त्यांच्याच मांडणीच्या खणात बसणारं मांजरघर होतं, ते याच विचाराचं. त्याच वर्षी जपानच्या फुकुओका प्रांतातल्या ओकावा या फर्निचरसाठी नावाजलेल्या गावाने मांजरांसाठी माणसांच्या पलंगाच्या आणि सोफ्याच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती बनवून दाखवल्या. कारागिरी थक्क करणारी आहे. तरी मला वाटतं, मांजराला खण अधिक आवडेल. उघड्या सोफ्यावर त्याची पाठ झाकलेली नसते.

आता लाकूड आणि किडे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुत्रेवाल्या घराला गोचीड माहीत असते. आपल्याकडची तपकिरी गोचीड घरातही सुखाने राहते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते, भिंतीवर किंवा लाकडावर चढते आणि एखाद्या अरुंद फटीत शिरून हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याच्या फर्निचरमधली प्रत्येक फट हा तिला दिलेला निवारा असतो. वेताचं विणकाम दिसायला मोहक, हलकं, आपल्या बुरुडांच्या हातचं तर अप्रतिम. पण त्या विणीत शेकडो फटी असतात. वेताचा मोह आवरत नसेल तर तो मांजराच्या टोपलीसाठी ठेवावा, आणि कुत्र्यासाठी वापरलाच तर सुटा निघणारा, आठवड्याला कडक उन्हात टाकता येणारा असावा. ढेकणांसाठी आपल्या आज्या खाटा उन्हात टाकून वर कढत पाणी ओतायच्या, त्यामागचं शहाणपण इथे जसंच्या तसं उपयोगी पडतं. चौकटीचे सांधे लांबी भरून गुळगुळीत करावेत, पाय जमिनीपासून चार इंच तरी उंच ठेवावेत म्हणजे झाडू खालपर्यंत जातो, आणि कुत्र्याचं काहीही भिंतीला चिकटवून कायमचं बसवू नये.

लघवीचा विचारही निःसंकोचपणे करावा. पिल्लू चुकतं, म्हातारा कुत्रा चुकतो, बोका खुणा करतो. एमडीएफच्या उघड्या कडेने एकदा ओल शोषली की ती फुगते आणि वास कधीच जात नाही. सागवान परवडत नसेल तर पाण्यात टिकणारं, आयएस ७१० शिक्क्याचं प्लायवुड घ्यावं आणि त्याच्या चारही कडा पट्टी लावून बंद कराव्यात. गादीला आत पाणी न झिरपणारं अस्तर आणि वर चेन लावलेली सुती खोळ. खोळी दोन कराव्यात. दोन्ही एकदम धुऊ नयेत, नाहीतर त्या जागेचा ओळखीचा वास नाहीसा होतो आणि मांजर काही दिवस तिथे फिरकत नाही.

पुसायला फिनाईल वापरू नये, हे ठासून सांगायला हवं. फिनॉलसारखी द्रव्यं शरीराबाहेर टाकण्याची मांजराच्या यकृताची क्षमता फारच तोकडी असते. ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. कपाटातल्या डांबरगोळ्याही कुत्र्या-मांजरांच्या आवाक्यात नकोत. सजावटीतल्या झाडांमध्ये लिली मांजराची मूत्रपिंडं निकामी करते, फुलदाणीतलं पाणी प्यायलं तरीही. सायकसच्या बिया कुत्र्याला मारू शकतात. बैठकीच्या कडेला झालर, गोंडे, लोंबते मणी लावण्याचा मोह होतो; मांजराने गिळलेला दोरा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते. शोभा हवी तर ती विणीत, काठात आणि शिलाईत आणावी.

रंगाची बाजू मात्र पुष्कळशी आपली. कुत्र्याला निळा आणि पिवळा वेगळे दिसतात, लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. गादीचा रंग कोणता याने त्याचं काही अडत नाही. तेव्हा खोलीला हवा तो रंग बेधडक निवडावा. एकच व्यवहारी पथ्य: कापडाचा रंग केसांच्या रंगाजवळ असावा. पांढऱ्या स्पिट्झखाली काळी मखमल म्हणजे रोजची झाडझूड. खोलीत आधीच असलेल्या एका गोष्टीची पुनरावृत्ती करावी, तीन गोष्टींची नको. पडद्याचं कापड किंवा दिवाणाच्या पायांची घडण किंवा खुर्चीच्या पाठीवरचं खणाचं कापड, यांपैकी एक. उंचीही जुळवावी: बाजेची वरची कड कोचाच्या बैठकीच्या कडेच्या खाली राहिली तर खोलीची आडवी रेघ मोडत नाही आणि ती वस्तू डोळ्यांत खुपत नाही. लहान घरात तर नवी वस्तू आणण्याऐवजी असलेल्या वस्तूच्या पोटात जागा शोधावी. दिवाणाखालचा एक खण उघडा ठेवून तिथे कुत्र्याची गादी, खिडकीखालच्या बाकात मांजराचं घर, कोचाशेजारच्या तिवईखाली पिल्लाची चौकट. बंद पेटीसारखं काही करत असाल तर तीन बाजूंनी हवा खेळायला हवी.

मांजराच्या शौचाच्या मातीची पेटी लाकडी कपाटात लपवण्याची सध्या आवड आहे. हरकत नाही, पण आतली पेटी मांजराच्या लांबीच्या दीडपट हवी, कपाटाला मागून जाळी हवी, आणि झाकण एका हाताने उघडता आलं पाहिजे. उघडायला त्रासाचं असेल तर सफाई टळते, आणि मग मांजर गालिच्यावर जातं. जेवणाच्या भांड्यांच्या उंच घडवंच्यांबद्दल जरा जपून. मोठ्या जातींच्या कुत्र्यांवर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंचावरच्या भांड्यातून खाण्याचा संबंध पोट फुगून पिळा पडण्याच्या जीवघेण्या आजाराशी दिसून आला. घडवंची सुंदर दिसते म्हणून करू नये. पशुवैद्याने मानेच्या किंवा सांध्यांच्या दुखण्यासाठी सांगितली तरच करावी.

पिल्लू घरात असेल तर या कशाचीच घाई नको. कायमचे दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत येतात आणि तोवर ते समोर येईल ते कुरतडतं. फोमचा तुकडा गिळला तर तो आतड्यात अडकतो. तोवर जुनी गोधडी आणि पुठ्ठ्याचं खोकं पुरे. त्या खोक्याचा दुसरा उपयोगही आहे. सुताराला माप देण्याआधी ठरवलेल्या आकाराची वस्तू पुठ्ठ्याची करून ठरवलेल्याच जागी आठवडाभर ठेवावी. प्राणी तिथे गेला नाही तर आधी जागा बदलून पाहावी, मग आकार. कुत्र्याला सहसा अशी जागा हवी असते जिथून घरातली माणसं आणि दार दोन्ही दिसतं, पण जी येण्याजाण्याच्या वाटेत नाही. एडीचं घर पुठ्ठ्याचं करून पाहिलं असतं तर ते बहुधा शेकोटीपाशीच जाऊन पोहोचलं असतं.

आणि पहिल्याच दिवशी सुताराला म्हातारपणाची तजवीज करायला सांगावी. आठ-नऊ वर्षांचा लॅब्राडोर गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादीवर उठताना मागच्या पायांनी घसरायला लागतो, दहा-बारा वर्षांचं मांजर नेहमीच्या उडीपुढे थबकून विचार करायला लागतं. बाजेचे पाय स्क्रूने निघणारे असतील तर ती जमिनीलगत आणता येते. फळ्यांच्या कंसांसाठी भिंतीवर अधल्यामधल्या उंचीची भोकंही आधीच पाडून घेऊन झाकून ठेवली, तर पुढे दोन फळ्यांच्या मध्ये तिसरी घालायला अर्धा तास पुरतो. सोफ्याला लावायची उतरण चढाच्या उंचीच्या तिप्पट लांब ठेवावी, तिच्यावर सोफ्याच्याच रंगाची खरखरीत पट्टी डकवावी, आणि ती कुत्रा तरुण असतानाच वापरात आणावी. पाय दुखायला लागल्यावर नवी सवय लावणं त्याला फार जड जातं.